तीन कोलाबियांचा याम्बा

सिबिरीने तिसरी बायको घरात आणली आणि तिच्या हातून पहिल्याच दिवशी दोलोचं मोठं मडकं फुटलं, त्याच दिवशी सिबिरीच्या धाकट्या भावजयीला, तालातोला, मुलगा झाला. लग्नाचे पाहुणे अजून अंगणातच होते. खापरांत उरलेली ज्वारीची बिअर चाखून संपवावी की लाज धरावी, असा विचार करत बसले होते, तेवढ्यात आतून ट्यांहा ऐकू आलं. तान्सेगात अजूनही कोणाच्या वयावरून वाद निघाला, की म्हाताऱ्या विचारतात, "मडकं फुटायच्या आधीचा की नंतरचा?"

तालातोची आधीची तीन मुलं चालायला लागायच्या आतच गेली होती. नवराही या चौथ्याचं तोंड न बघता गेला. मरणाला एखाद्या घराची चटक लागते, तशी त्या घराची लागली होती. तेव्हा घरातल्या बायकांनी ठरवलं, हे पोर विकून टाकायचं. विकलेलं पोर आईचं राहत नाही. मग मरण दारात येऊन विचारतं, "तालातोचं पोर कुठाय?" आणि सगळे खांदे उडवून सांगतात, "तालातोला पोरच नाही." मरण फार खोदून विचारत नाही. त्याला पुढची गावं करायची असतात.

गिऱ्हाईक मात्र घरचं चालत नाही, परकं लागतं. ते शोधायला लांब जावं लागलं नाही. सातव्या दिवशी ते स्वतःच ओरडत आलं.

"ए कुत्रेचोरांनो! जिवंत आहात की मेलात? मेला असाल तर सांगा, म्हणजे मी एवढी पायपीट वाचवतो!"

हा द्राबो. याको शहरातल्या कचेरीचा शिपाई. डोक्यावर लाल टोपी, खांद्याला कागदांची पिशवी, आणि पाय असे की अकरा गावं फिरून पुन्हा बाराव्यात दोलो प्यायला तयार. द्राबो सामो लोकांतला आणि तान्सेगा अख्खं मोसींचं. मोसी आणि सामो यांच्यात आजोबा-पणजोबांपासून थट्टेचं नातं आहे. मोसीने सामोला काय वाटेल ते बोलावं, सामोने मोसीला बोलावं, आणि राग मानायचा नाही. राग मानणाऱ्याच्या घरात म्हणे मूल तोतरं निपजतं. मोसी म्हणतात, सामो कुत्री खातात. सामो म्हणतात, खातो तर खातो, पण शिजलेल्या कुत्र्याचं मुंडकं दर वेळी कोण पळवतं? मोसीच ना? हे भांडण कधी मिटलेलं नाही आणि मिटावं असं कोणालाच वाटत नाही.

सिबिरी उकिरड्याशेजारी फुटक्या सुपात पोर घेऊन उभाच होता.

"विकाऊ आहे का हे?" द्राबोने विचारलं. रीत त्यालाही ठाऊक होती.

"आहे."

द्राबोने वाकून पाहिलं. पोराचा पाय उचलून पाहिला. कान पाहिला. "फार लहान आहे. एका घासात संपेल. आणि नाक बघ, मोसीचं आहे. हे मोठं होऊन माझ्याच अंगणात चोरी करणार."

आतून तालातो ओरडली, "ए कुत्रेखाऊ! घ्यायचं तर घे, नाहीतर वाटेला लाग! तुझ्यासारखी दहा गिऱ्हाइकं येऊन गेली!"

"दहा आली आणि दहाही पळाली, यातच काय ते समज, बाई."

टोपीच्या घडीत त्याने कोलाच्या तीन बिया ठेवल्या होत्या, वाटेत चघळायला. त्या त्याने सिबिरीच्या तळहातावर ठेवल्या. त्यातली एक किडकी होती, असं तालातो पुढे जन्मभर सांगत राहिली. द्राबो म्हणायचा, "माल बघून किंमत दिली."

पोराचं नाव याम्बा ठेवलं, म्हणजे गुलाम. द्राबोने त्याला क्षणभर कडेवर घेतलं, मग तालातोच्या मांडीवर टाकून म्हणाला, "मोठा होईपर्यंत पोस. काम करण्याजोगा झाला की घेऊन जाईन." आणि मरण खरोखरच फसलं. निदान वीस वर्षं तरी फसलं.

तेव्हापासून द्राबो तान्सेगात आला की पहिली हाक एकच. "माझा गुलाम कुठाय? अजून एवढासाच? तालातो, तू त्याच्या वाटणीचं खातेस!"

"खाते! निदान मी बाजरीचा सागाबो खाते, शेपटीवालं काही खात नाही!"

मग तो न विचारता चुलीजवळ जायचा, मडक्यावरचं झाकण उचलायचा, भेंडीचं कालवण बोटाने चाटायचा आणि थुंकल्यासारखं करायचा. तालातो त्याच्या हातावर पळी मारायची. गावातल्या कोणाशीही ती इतकं मोकळं बोलत नसे. विधवेने मोठ्याने हसावं असं दुसरं ठिकाण तिला नव्हतं. आणि द्राबोलाही, खरं म्हणजे, नव्हतं. त्याची बायको मुकाट स्वभावाची होती आणि कचेरीत शिपायाने हसायचं नसतं.

याम्बा हळूहळू वाढला. हळूहळूच. तो चालायला उशिरा लागला, बोलायला उशिरा लागला. बकऱ्या चारायला पाठवला तर बकऱ्या आधी घरी यायच्या आणि मग त्यांना हुडकत हा यायचा. कोणी म्हणालं, "अरे, जरा भरभर," तर तो मान डोलावून हसायचा आणि पूर्वीसारखाच चालायचा. द्राबो म्हणायचा, "तीन बियांत एवढंच मिळतं. चौथी दिली असती तर धावला असता."

द्राबोवर उलट बोलायला मात्र याम्बाने कधी उशीर केला नाही. सात वर्षांचा असताना द्राबोने त्याला विचारलं, "काय रे गुलामा, तुझा धनी आला, उठून उभा राहत नाहीस?" तर पोरगं बसल्या जागेवरून म्हणालं, "उभा राहिलो तर तुला मांस दिसेल." द्राबो इतका हसला की त्याची टोपी कालवणात पडली.

सैन्याच्या भरतीचा कागदही द्राबोनेच आणला. तान्सेगाने तीन जवान द्यायचे होते. आमच्याकडे अशा वेळी काय करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. कागद सरपंचाच्या हातात पडायच्या आत गावातली तरणी पोरं टेकड्यांत जातात आणि भरतीवाल्यांना गावात फक्त खोकणारे म्हातारे भेटतात. द्राबो गावाच्या शिवेवरूनच बेंबीच्या देठापासून ओरडत आला होता, "ए कुत्रेचोरांनो, परवा भरती आहे!" कचेरीच्या शिपायाने असं ओरडायचं नसतं. पण सामोने मोसीला काय ओरडावं, यावर कोणत्या साहेबाचा हुकूम चालतो?

सगळी पोरं त्याच रात्री गेली. याम्बा तिसऱ्या दिवशी सकाळी निघाला. त्याला आधी एका बकरीच्या पायातला काटा काढायचा होता. त्याने पाण्याचा भोपळा घेतला, आईने दिलेलं भाजलेलं भुईमुगाचं पीठ घेतलं आणि रमतगमत टेकडीकडे निघाला. वाटेत समोरून चारजण आले. याम्बाने त्यांना थांबून नीट रामराम केला, घरची खुशाली विचारली आणि पाणीही पाजलं. ते भरतीवाले होते.

तान्सेगाने तिघे द्यायचे होते, एकच मिळाला, आणि तोही पाणी पाजून.

निघायच्या दिवशी तालातो द्राबोवर धावून गेली. "तू धनी ना त्याचा? मग सोडव की त्याला!"

"गेलो होतो," द्राबो म्हणाला. "साहेबासमोर उभा राहिलो. म्हटलं, हा माझा विकत घेतलेला गुलाम आहे, तीन कोलाबियांना, साक्षीदार आहेत."

"मग?"

"साहेब हसला. म्हणाला, आता सरकारने विकत घेतला."

"किती बियांना?"

"ते सांगितलं नाही."

याम्बा मात्र खूश दिसत होता. खाकी चड्डी त्याला गुडघ्याखाली येत होती. "द्राबो," तो म्हणाला, "मी नसताना माझ्या आईचं मडकं चाटत जाऊ नकोस."

"मी तर रोज चाटणार. तू परत आलास की तुझ्या वाटणीचं काही उरणार नाही."

"मग मी गोऱ्यांच्या देशातून एक कुत्रं आणीन तुझ्यासाठी. चांगलं पोसलेलं."

एवढं बोलून तो ट्रकमध्ये चढला. सगळ्यात शेवटी.

वर्षभराने एक पत्र आलं. तुकडीतल्या एका शिकलेल्या सोबत्याने ते लिहिलं होतं आणि शहरातल्या मिशनच्या माणसाने वाचून दाखवलं. थंडी फार आहे, तोंडातून धूर निघतो पण जळत काही नाही. बुटांत बोटं एकमेकांना ओळखत नाहीत. आणि खाली: द्राबोला सांगा, इथे कुत्री बायकांच्या मांडीवर झोपतात आणि गाडीत बसून हिंडतात. त्याने इकडे येऊ नये. भूक आवरली नाही तर फासावर जाईल.

तालातोने ते वाक्य चारदा वाचायला लावलं. द्राबोने तोंडपाठ करून अकरा गावांत सांगितलं.

त्यानंतर पत्र आलं नाही. गोऱ्यांच्या देशात लढाई पेटली, मग विझली म्हणाले, मग हरली म्हणाले. नक्की काय झालं ते बाजारात कोणालाच सांगता येईना. दोन पेरण्या झाल्या. या काळात द्राबो आणि तालातो यांचा एक खेळ सुरू झाला. द्राबो अंगणात शिरताना ओरडायचा, "तालातो, तुझं पोर मेलं गं! मी मयताचं जेवण जेवायला आलोय, कोंबडी काप!"

"मेलं? मग तूच खाल्लं असशील!"

"खाल्लं. खारट होतं."

"आईवर गेलंय. आणखी मीठ देऊ का?"

गावात कोणाला हे वावगं वाटत नव्हतं. परगावी गेलेल्या माणसाच्या मरणाची अशी थट्टा करायला सामो नातलग असावाच लागतो. थट्टेत मेलेला माणूस खरा मरत नाही, मरणाला वाटतं आपलं काम आधीच कोणी केलं. द्राबो कधीकधी पिशवीतला कुठलासा कागद काढायचा, उलटा धरायचा आणि वाचल्यासारखं करायचा. "यात लिहिलंय, याम्बा मेला, सबब त्याच्या आईने द्राबोला एक मडकं दोलो द्यावा." तालातो पोट धरून हसायची आणि दोलो द्यायची.

दुसऱ्या थंडीत, धुळीचा वारा सुटला होता तेव्हा, कचेरीतल्या कारकुनाने द्राबोला एक कागद दिला. "तान्सेगा. तालातो नावाची बाई. मुलगा फ्रान्समध्ये मेला. कागद दे, अंगठा घेऊन ये."

द्राबो म्हणाला, "कोण मुलगा?"

कारकुनाने नाव वाचलं. तारीख वाचली. द्राबोने ती तीनदा वाचायला लावली, तेव्हा कारकून वैतागला. हा कारकून समुद्राकडचा, नवा होता. असा निरोप सामोच्या हातून मोसीच्या घरी पाठवायचा नसतो, हे त्याला कोण सांगणार? आणि द्राबोने तरी तो का घेतला? पुढे लोकांनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माझा होता. दुसऱ्याच्या हातात कसा देऊ?"

तो आधी सिबिरीकडे गेला. सिबिरी आता म्हातारा झाला होता आणि शेताच्या कडेला दोरी वळत होता.

"सिबिरी, याम्बा मेला."

"बरं," सिबिरी म्हणाला. "आणि तू का जिवंत?"

"खरंच मेला. कागद आहे."

"सरळ धर, उलटा धरलायस." सिबिरी दात नसलेल्या तोंडाने हसला. "जा, तालातोकडे जा. आज तिने दोलो गाळलाय, तेवढ्यासाठी पोराला कशाला मारतोस?"

द्राबो तालातोच्या अंगणात आला. ती दगडावर बाजरी दळत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून सवयीने तेच वाक्य निघालं. दुसरं वाक्य त्याला येतच नव्हतं.

"तालातो, तुझं पोर मेलं."

"या वेळी कसं लागलं?" ती न थांबता म्हणाली. "गोड की खारट?"

"तालातो, ऐक. कागद आलाय."

"दे की मग. त्यात किती मडकी लिहिलीत?"

"अंगठा लागेल."

"अंगठा! या कुत्रेखाऊची मजल बघा! दोलोच्या मडक्यालाही अंगठा मागतोय!" ती शेजारणींना हाका मारत उठली. द्राबोने शाईची डबी काढली, कारण त्याचे हात नेहमीचं काम आपोआप करत होते. तालातोने अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, उरलेली शाई त्याच्या नाकाला पुसली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्याला दोलो दिला. द्राबो तो प्यायला. नाकावर शाई घेऊन तो परत गेला.

कचेरीचं काम झालं. कारकुनाने कागद फाइलीत ठेवला.

द्राबोचं काम झालं नव्हतं. मेलेल्याचे दिवस घातल्याशिवाय तो पिलिम्पिकूच्या डोंगरात पूर्वजांकडे जाऊ शकत नाही, वाटेवरच राहतो. दिवस घालायचे ते सुगीनंतर, कोरड्या दिवसांत. पहिला पाऊस पडला की माणसं शेतात जातात आणि मेलेला पुढच्या वर्षापर्यंत ताटकळतो. याम्बाचा एक हंगाम असाच गेला होता. हा दुसरा, आणि आभाळात दक्षिणेकडे ढग दिसायला लागले होते. परक्या देशात, थंडीत, घोट्याच्या वर येणाऱ्या त्या बुटांत तो अजून उभा आहे, असं द्राबोला सारखं दिसायचं.

तो आणखी दोनदा गेला. एकदा ओरडून सांगितलं, तर तालातोने ओरडून उत्तर दिलं. एकदा हळू सांगितलं, तर ती म्हणाली, "काय रे, घसा बसला? फार हाडं खाल्लीस वाटतं." त्याला राग आला. पण राग करायचा नसतो आणि तो दिसला असता तर तिने त्याचीही थट्टा केली असती. मिशनचा माणूस घेऊन यावं असंही त्याच्या मनात आलं. मग वाटलं, जे पोर आपण घेतलं त्याचं मरण दुसऱ्याने सांगावं? तालातोने आपल्याकडे बघून म्हणावं, "तुला माहीत होतं आणि तू परक्याला धाडलंस?"

वाटेत एका बाभळीखाली बसून त्याने खूप विचार केला. तीस वर्षं तो त्या गावात जात होता आणि त्याला एकदाही कोणी पाहुणा म्हणून पाणी दिलं नव्हतं. त्याने मागितलंही नव्हतं. पाहुण्याला पाणी देतात. सामो स्वतः घेतो.

दुसऱ्या सकाळी तो तान्सेगात आला तो ओरडत आला नाही. कचेरीने अलीकडे दिलेली सायकल त्याने गावाबाहेर ठेवली. तालातोच्या घराच्या मातीच्या भिंतीला जिथे वाट सुटते तिथे तो थांबला आणि परका माणूस वाजवतो तशा दोन टाळ्या वाजवल्या.

"कोण आहे?" आतून तालातो म्हणाली.

"द्राबो. याकोहून आलोय."

"मग आत येऊन मर की. टाळ्या कसल्या वाजवतोस, माकड नाचवतोयस?"

तो आत गेला नाही. तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने ती पदराला हात पुसत बाहेर आली. द्राबोने टोपी काढली आणि जमिनीवर ठेवली. तो उकिडवा बसला, कोपरं गुडघ्यांवर, हात एकमेकांत, नजर खाली. मोठ्या घरच्या माणसासमोर बसतात तसा.

"तालातोबाई, रात्र बरी गेली का?"

तालातोने कमरेवर हात ठेवले. "अगं बाई! याचं डोकं कुत्र्याने चावलं की यानेच कुत्र्याचं..."

"घरचे सगळे बरे आहेत का?"

"तुझ्या दाढा शिल्लक आहेत का ते सांग आधी!"

"सिबिरीबाबा बरे आहेत का? त्यांच्या लेकी बऱ्या आहेत का? शेतं बरी आहेत का?" तो एकेक करत विचारत होता. रीतीप्रमाणे काही गाळायचं नसतं. "बकऱ्या बऱ्या आहेत का? कणगीत दाणा आहे का?"

"द्राबो," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "ए कुत्रेखाऊ."

तो काही बोलला नाही.

"कुत्रं खाल्लंस ना आमचं? मेल्या सामो. उंदीरतोंड्या." तिने एक शिवी दिली, मग दुसरी दिली. दोन्ही त्याच्यासमोर धुळीत पडल्या आणि तशाच राहिल्या. "द्राबो, मला उलट बोल."

त्याने मान हलवली.

"एक तरी. एक शिवी दे मला. कुत्रेचोर म्हण."

"तालातोबाई," द्राबो म्हणाला, "मला थोडं पाणी मिळेल का?"

ती तिथेच खाली बसली. भिंतीला पाठ लागली तशी भिंतीची माती तिच्या खांद्यावर सांडली. मग ती म्हणाली, "कधी?"

त्याने तारीख सांगितली. ती त्याला पाठ होती.

"मी अंगठा दिला."

"हो."

"हसत दिला."

"हो."

"आणि तू माझा दोलो प्यायलास."

"प्यायलो," द्राबो म्हणाला. "आंबट होता."

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. तालातोने त्याच्याकडे बघितलं. मग तिने तोंडावर पदर घेतला आणि पहिली किंकाळी फोडली. शेजारच्या अंगणांतून बायका धावत आल्या.

दिवस घालायची तयारी झाली. प्रेत नव्हतंच, तेव्हा याम्बाची झोपायची चटई गुंडाळून तीच पुरायची ठरलं. पण द्राबो येईना. पुरण्याच्या वेळी थट्टेच्या नातलगाने मेलेल्याची नक्कल करायची असते. त्याचे कपडे घालायचे, त्याच्यासारखं चालायचं, प्रेताची वाट अडवायची, भीक मागायची, रडणाऱ्यांना हसवायचं. द्राबोने निरोप पाठवला, मला बरं नाही.

तालातो जन्मात कधी याकोला गेली नव्हती. ती पहाटे निघाली, उन्हं चढेपर्यंत चालली आणि द्राबोच्या दारात उभी राहिली. टाळ्या वाजवल्या नाहीत.

"ए मेलेल्या कुत्र्याच्या शेपटा! बाहेर ये!"

द्राबोची मुकाट बायको घाबरून मागच्या अंगणात गेली. द्राबो बाहेर आला. त्याची दाढी वाढली होती.

"तू त्याला घेतलंस," ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर घेतलंस. आता त्याच्या मातीला तू नसलास तर पिलिम्पिकूला त्याला विचारतील, तुझ्या मातीला कोण हसलं? तो काय सांगेल? बेवारस होतो म्हणून?"

"तालातो, मला जमणार नाही. तोंड उघडतच नाही."

"मग बंद तोंडाने ये. पण ये." ती वळली. मग पुन्हा मागे बघून म्हणाली, "आणि कोंबडी घेऊन ये. फुकटचं जेवायला मिळणार नाही."

मातीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावातला कुग्री नावाचा जवान आला. त्याला एकच हात होता. जर्मनांच्या कैदेतून आजारी म्हणून सुटून आला होता. तो याम्बाच्या तुकडीत होता. तालातोसमोर बसून त्याने जे पाहिलं ते सांगितलं. तिथली गोरी माणसं लढाईच्या भीतीने घरंदारं टाकून पळाली होती. गाई मात्र कुरणातच राहिल्या. तीन दिवस त्यांचं दूध कोणी काढलं नव्हतं. सड तटतटले होते आणि त्या रात्रंदिवस हंबरत होत्या. आम्ही ओढ्याच्या अलीकडे होतो, शत्रू पलीकडे. याम्बा म्हणाला, हे ऐकवत नाही. सार्जंट म्हणाला, खबरदार. सकाळी बघतो तर हा कुरणात गाईखाली बसलेला. बंदूक बाजूला ठेवून दूध जमिनीवरच काढत होता. तीन गाई झाल्या होत्या. चौथीला हात घातला आणि पलीकडून गोळी आली. एकच.

तालातोने विचारलं, "गाय कशी होती?"

"पांढरी. काळे ठिपके."

कोपऱ्यात बसलेला द्राबोही हे ऐकत होता.

सकाळी चटई उचलली. बायका रडत होत्या, पुरुष ढोल वाजवत होते. वाटेवर द्राबो आडवा उभा होता. याम्बाची जुनी बंडी त्याच्या पोटावर बसत नव्हती आणि पाठीमागे उसवली होती. त्याने हात पसरले. सगळे थांबले. तो काही बोलला नाही. त्याने कोंबडीही आणली नव्हती. लोक वाट बघत राहिले आणि ढोलवाल्याला कुठे बघावं ते कळेना.

मग द्राबो वाटेच्या मधोमध खाली बसला. समोर कोणी नव्हतं, पण त्याने हात पुढे केले आणि गाईचं दूध काढायला लागला. गाय अंगावर आली तसा बाजूला झाला. तिने लाथ मारली तसा धुळीत उताणा पडला. उठला, पुन्हा बसला, गाईच्या शेपटीने तोंडावर मारलं तशी शेपटी धरून तिला बजावलं, "गप गं गोरे, मी मोसी आहे, मी फक्त मुंडकी चोरतो!" एक म्हातारा खोकल्यासारखा हसला आणि लगेच गप्प झाला. दूध काढणं चाललं होतं. लोकांना कळत होतं, पुढे काय येणार, आणि कोणाला ते बघायचं नव्हतं.

"ए कुत्रेखाऊ!"

तालातो बायकांच्या घोळक्यातून पुढे आली होती.

"तो उजव्या हाताने नव्हता काढत! फुलानी गवळ्याच्या गाईंखाली चोरून बसायचा आणि डाव्या हाताने काढायचा. मी त्या हातावर किती मारलं, तरी डावाच! मेलेल्याची नक्कल करतोस आणि एवढंही ठाऊक नाही तुला?"

द्राबो बसल्या जागी थांबला. त्याने डावा हात पुढे केला. डाव्या हाताने त्याला जमेना, धार चुकून आपल्याच डोळ्यात उडाल्यासारखं त्याने डोळा पुसला. पुन्हा पुसला. तालातो हसली. आधी ती एकटीच हसली, मग तिच्या शेजारणी, मग सिबिरी, आणि मग वाटेवरचे सगळे. द्राबो धुळीत बसून दोन्ही डोळे पुसत होता आणि डाव्या हाताने गाय पिळत होता. माणसं त्याला वळसा घालून चटई घेऊन पुढे गेली.

मातीला आठ दिवस झाले आणि पहिला पाऊस आला.

तान्सेगाच्या तालातोचा मुलगा याम्बा, सामो द्राबोने विकत घेतलेला, फ्रान्समध्ये सोम नदीच्या बाजूला १९४० सालच्या जून महिन्याच्या सहा तारखेला सकाळी मेला. तेव्हा त्याचं वय वीस होतं.